पाण्याचा दिवस

पुण्याहून आलेल्या बाईंनी
चादरींच्या ढिगाशेजारी उभं राहून विचारलं,
'तुम्ही कामावर आनंदी आहात का?'
फॉर्मवर पाच गोल चेहरे होते,
रडव्यापासून हसऱ्यापर्यंत.
चेकिंगच्या टेबलावरच्या नरसव्वा यमूलनी
चष्मा पुसून पाचही चेहरे उजेडात धरले,
म्हणाल्या, 'ह्यात दोन नंबरी माल कुठला ओ?'

मी हसलो. तेव्हा मी नवा सुपरवायझर.
अक्कलकोट रोडची शेड,
अठ्ठेचाळीस माग, सत्तर माणसं
आणि मालकांनी हातात ठेवलेलं एक वाक्य:
माणसं खूश ठेवा, माल आपोआप निघतो.
कसं ठेवायचं, ते वाक्यात नव्हतं.

म्हणून मी केक आणला.
मेहबूब जॉबरनं तो कापला, सगळ्यांना भरवला,
आणि हात धुताना हळूच सांगितलं,
'एक जून मास्तरांनी टाकलेली तारीख हाय सर.
जलमलो कधी ते अम्मीलाबी ठावं नाय.'
म्हणून शनिवारी हसण्याचा तास ठेवला.
माग बंद. दहा मिनिटं सत्तर माणसं
ताठ उभं राहून हा हा हा करत होती
आणि नगावर मजुरी घेणारे
ते हसू मनातल्या मनात फुटात मोजत होते.

त्याच आठवड्यात श्रीहरी बिटला
तिसऱ्यांदा उशिरा आला. चाळीस मिनिटं.
मी अर्धा दिवस कापला.
तो काही बोलला नाही, रजिस्टरवर सही केली.
बोटांची टोकं सुरकुतली होती त्याची,
पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी.
ते मला दिसलं होतं.
दिसलं होतं, एवढंच.

मग एका रात्रपाळीत
बावीस नंबरचा जकार्ड अडला,
आणि त्याची खोड श्रीहरीलाच ठाऊक,
म्हणून पहाटे चारला मी विडी घरकुलात गेलो.
गल्ली झोपलेली असेल असं वाटलं होतं.
गल्लीत लग्नघर जागं होतं जणू:
मोटारी घुमत होत्या, पाइप, पिंपं, घागरी, पातेली,
पोरांच्या हातात तांबेसुद्धा.
नरसव्वा पदर खोचून तिसऱ्या पायरीवर.
माझी अर्धी सकाळपाळी तिथं
माझ्याआधी कामाला लागली होती.

श्रीहरीनं पाइपाचं एक टोक पुढं केलं,
'धरा की सर, हात रिकामाच हाय तुमचा.'
मी धरलं.
पाच दिवसांचं पाणी एका पिंपात चढताना
किती वेळ घेतं, ते मला
बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
माझ्या घरी टँकर येतो.

सोमवारी पाळीच्या तक्त्याशेजारी
एक कोरा कागद डकवला.
वर लिहिलं: गल्ली, पाण्याचा दिवस, वेळ.
दुपारपर्यंत तसाच कोरा.
मग कुणीतरी तेलुगूत एक ओळ लिहिली,
तिच्याखाली कन्नडमधली, उर्दूतली,
मराठीतल्या तर खाडाखोडीसकट.
त्या कागदावरून मी पाळ्या बदलल्या,
दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा मेहबूबनं जमवून दिलं.

श्रीहरीचा अर्धा दिवस परत लावला.
शेऱ्यात लिहिलं: माझी चूक.
त्यानं ते दोनदा वाचलं.
ह्याही वेळी काही बोलला नाही,
पण सुतासारखाच
गप्प बसण्यालाही काउंट असतो.
हा वेगळा होता.

मालक विचारतात, कुठली स्कीम लावली?
मला सांगता येत नाही.
मे महिन्यात पाणी सातव्या दिवसावर गेलं,
सगळा कागद पुन्हा लिहावा लागला,
दोघं तरीही सोडून सुरतला गेले.
हसण्याचा तास मात्र बंद केला.
त्या दिवशी खरंच हसली माणसं.

बाईंचे फॉर्म परत पाठवायचे राहिलेत.
नरसव्वांचा परवा टेबलाखाली सापडला.
एकाही चेहऱ्यावर खूण नाही.
मागच्या बाजूला, नातीच्या अक्षरात:
गुरुवार, पहाटे चार.
सरांना सांगणे.